अवकाशाची आकृती आणि घराची भाषा

बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन ह्यांचा ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ हा ग्रंथ १९८४ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. त्यात मांडलेल्या विचारपद्धतीला ‘स्पेस सिंटॅक्स’ असे नाव आहे. ते १९७६ मधील एका निबंधापासून चालत आले आहे. वास्तुरचना आणि नगररचना ह्यांच्या अभ्यासात ही पद्धती आता स्थिरावली असून आपल्याकडील पारंपरिक घरांनाही ती लावून पाहण्यात आली आहे. तिची गणिती बाजू तपासण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाचा नाही. परंतु ‘सिंटॅक्स’ हा शब्द भाषाशास्त्राच्या मालकीचा नसला तरी त्याच्या वहिवाटीचा आहे, आणि तो शब्द दुसऱ्याने वापरावयास नेला तर तो कोणत्या कामासाठी नेला हे विचारण्याचा हक्क वहिवाटदारास असतो. वास्तूतील अवकाश कसा घडतो आणि कसा जोडला जातो हे आकृतीने दाखविता येते, असा ह्या पद्धतीचा दावा आहे. दाव्याचा उत्तरार्ध, म्हणजे जोडणीचा भाग, बऱ्याच अंशी खरा आहे. मात्र दोन जागांना जोडणारी जी रेषा आकृतीत काढली जाते, ती नेमके काय सांगते, ह्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही.

पद्धती मुळात सोपी आहे आणि तिचे बळ त्या सोपेपणातच आहे. घरातील प्रत्येक जागेसाठी एक वर्तुळ काढावयाचे. एका जागेतून दुसरीत सरळ जाता येत असेल तर त्या दोन वर्तुळांमध्ये रेषा ओढावयाची. लांबी, रुंदी, दिशा, उजेड, भिंतींची जाडी हे सारे सोडून द्यावयाचे. ऑयलरने १७३६ मध्ये क्यॉनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न हाताळताना नदीचे वळण आणि बेटाचा आकार असेच सोडून दिले होते, आणि सोडून दिल्यामुळेच त्याला उत्तर मिळाले होते. ह्यानंतर एक वर्तुळ मूळ म्हणून तळाशी धरावयाचे. सामान्यतः ते घराबाहेरच्या जागेचे असते. त्यापासून एका दाराच्या अंतरावर असलेल्या जागा वरच्या ओळीत, दोन दारांच्या अंतरावरील जागा त्याच्या वरच्या ओळीत, अशी मांडणी केली की जी आकृती मिळते तिला आपण ‘स्तरालेख’ म्हणू. मुळापासून एखादी जागा जितक्या ओळी वर असेल तितका तिचा ‘खोलपणा’. येथे ‘खोली’ हाच शब्द वापरणे स्वाभाविक झाले असते. पण मराठीत खोली म्हणजे घरातला कक्षही आणि खोली म्हणजे विहिरीची खोलीही, त्यामुळे ‘खोलीची खोली’ असे चमत्कारिक बोलावे लागले असते. त्या दोन अर्थांच्या नात्याविषयी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह मी टाळतो.

समजा, एका लांबट घरात चार खोल्या आहेत. बाहेरून पहिलीत, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, तिसरीतून चौथीत अशी दारे ठेवली तर बाहेरच्या मुळापासूनच्या खोलपणाची बेरीज १ + २ + ३ + ४ म्हणजे १० होते. त्याच घरात पहिल्या खोलीची पट्टी थोडी लांबवून उरलेल्या तिन्ही खोल्यांची दारे तिच्यातच उघडली तर बेरीज १ + २ + २ + २ म्हणजे ७ होते. नकाशा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही घरे जवळजवळ सारखी दिसतात. राहणाऱ्याच्या दृष्टीने ती अगदी निराळी आहेत. पहिल्या घरात चौथ्या खोलीतल्या माणसाला बाहेर पडावयाचे तर सर्वांच्या समोरून जावे लागते. दुसऱ्यात प्रत्येकाला आपापले दार लावून घेता येते. नकाशातून सहज न दिसणारा हा भेद स्तरालेख एका दृष्टिक्षेपात दाखवितो, आणि हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पुढची पायरी मोजमापाची. एखाद्या जागेपासून इतर सर्व जागांचा सरासरी खोलपणा काढावा, त्यातून एक वजा करून जे उरेल त्याची दुप्पट करावी, आणि तिला घरातील एकूण जागांच्या संख्येतून दोन वजा करून आलेल्या संख्येने भागावे. येणारी संख्या शून्य आणि एक ह्यांच्या दरम्यान असते. ती जितकी लहान तितकी ती जागा घराच्या इतर भागांशी अधिक एकजीव. हिलियर, हॅन्सन आणि ग्रॅहम ह्यांनी १९८७ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील ग्रामीण घरांना हे माप लावून त्या घरांमागचा समान साचा शोधण्याचा प्रयत्न केला.

आता नावाचा प्रश्न. १९५७ साली चॉम्स्कीचे ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ प्रसिद्ध झाल्यापासून वाक्याची वृक्षाकृती आपल्या विद्यार्थ्यांच्या हाताखालची झाली आहे. ‘आजीने ओटीवर दिवा ठेवला’ ह्या वाक्याची आकृती काढताना आपण वाक्यापासून पदबंधांकडे आणि पदबंधांपासून पदांकडे रेषा ओढतो. त्या रेषेचा अर्थ ‘ह्याचा हा घटक’ असा असतो. ‘ओटी’ आणि ‘वर’ मिळून एक पदबंध होतो आणि तो पदबंध क्रियेच्या पोटात जातो. त्या आकृतीत रेषांचे कडे तयार होऊ शकत नाही. एक घटक दोन निरनिराळ्या पदबंधांच्या पोटी एकदम राहत नाही. घराच्या आलेखात रेषेचा अर्थ ‘येथून तेथे जाता येते’ असा आहे. माजघर हे ओटीचा घटक नव्हे. आणि घराच्या आलेखात कडी तर पुष्कळ असतात; किंबहुना कडे आहे की नाही, ह्यावरच घराचा स्वभाव ठरतो असे हे ग्रंथकार सांगतात. म्हणजे दोन्ही शास्त्रांत कागदावर वर्तुळे आणि रेषा सारख्या दिसतात, पण त्या रेषांच्या अर्थांत काहीही साम्य नाही. ख्रिस्तोफर अलेक्झांडर ह्याने १९६५ मध्ये ‘शहर हे वृक्ष नव्हे’ असा निबंध लिहून वृक्षाकृतीच्या अतिरेकाविषयी वास्तुकारांना सावध केले होते. त्याचाही रोख रेषेच्या अर्थाकडेच होता.

वाक्यविन्यासाचे दुसरे लक्षण असे, की काय म्हणता येणार नाही हे तो सांगतो. ‘वर आजीने दिवा ओटी ठेवला’ ह्या शब्दमालिकेवर आपण फुली मारतो, आणि ती फुली मारता येणे हीच व्याकरणाची कसोटी मानतो. घराच्या स्तरालेखात अशी फुली कोठे आहे? कोणतीही चार वर्तुळे कशीही जोडली तरी एक आलेख होतो, आणि त्याचे माप निघते. ग्रंथकारांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की वसाहतींच्या विवेचनात ते खरोखर नियमांपासून आरंभ करतात. प्रत्येक घरापुढे एक मोकळी जागा असावी आणि अशा मोकळ्या जागा एकमेकींना लागून याव्यात, एवढाच निर्बंध ठेवून बाकी सर्व यदृच्छेवर सोडले तर मण्यांच्या माळेसारखी गुंफलेली वस्ती तयार होते, आणि फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्होक्लूझ भागातील खेडी तशीच आहेत, हा त्यांचा निष्कर्ष ग्रंथातील सर्वांत सुंदर भाग होय. तेथे अवकाश घडताना दिसतो. घराच्या आत शिरल्यावर मात्र पद्धती घडण सोडून केवळ जोडणी मोजू लागते. त्यांनी ह्या सर्वांस नैसर्गिक भाषा म्हटलेले नाही. नैसर्गिक भाषा आणि गणिती भाषा ह्यांच्या मधली एक ‘रूपभाषा’ त्यांनी कल्पिली आहे, जिच्यात शब्दसंग्रह अगदी तोकडा आणि रचनेचे नियम मात्र समृद्ध. माझा आक्षेप ह्या तोकड्या शब्दसंग्रहावर आहे. घराला शब्दसंग्रह आहे, तो माणसांच्या तोंडी आहे, आणि तो बाजूला ठेवल्याने आकृतीची काय गत होते ते एका उदाहरणाने पाहू.

कोकणातील ब्राह्मण वस्तीमधल्या जुन्या कौलारू घराची एक सर्वसाधारण मांडणी घेऊ. तपशील घरागणिक बदलतो, पण क्रम परिचयाचा आहे. पुढे अंगण, मग पडवी, पडवीतून एखादी पायरी चढून ओटी, ओटीवरून माजघर. माजघराला लागून एका बाजूस देवघर आणि दुसऱ्या बाजूस बाळंतिणीची काळोखी खोली. माजघरातून स्वयंपाकघर, तेथून मागची पडवी, आणि तिच्याबाहेर परस, विहीर, केळी. ग्रंथकारांच्या रीतीप्रमाणे घराबाहेरचा सर्व अवकाश एकच धरावयाचा असतो. त्यास ते ‘वाहक’ अवकाश म्हणतात. अंगण आणि परस ह्यांना गडगा घालून वेगळे केलेले नसेल तर ती दोन्ही त्या वाहकातच जमा होतात. तसे केल्यास आपल्या आलेखात आठ वर्तुळे होतात: बाहेर, पडवी, ओटी, माजघर, देवघर, काळोखी खोली, स्वयंपाकघर आणि मागची पडवी.

प्रथम ह्या आकृतीचे यश पाहू. माजघरापासून इतर सात जागांच्या खोलपणाची बेरीज ११ येते, आणि वर सांगितलेल्या सूत्राने माप ०.१९. सर्व घरात हेच सर्वांत लहान माप आहे. बाहेरच्या जागेपासून बेरीज १७, माप ०.४८. देवघरापासूनची बेरीजही १७ भरते, म्हणजे देवघर घरापासून तितकेच अलिप्त आहे जितके बाहेरचे जग. हे वाचून कोणाही कोकणी माणसाला समाधान वाटावे. माजघर हे नावच मुळी ‘मधले घर’ असे सांगते, आणि आकृतीने नकाशावरचे मध्य न मोजता वहिवाटीचे मध्य मोजून तेच सांगितले.

आता ओटी आणि स्वयंपाकघर. ओटीपासूनची बेरीज १३, स्वयंपाकघरापासूनची बेरीजही १३. दोहोंचे माप ०.२९. बाहेरपासून दोन्ही दोन दारांच्या अंतरावर. हा योगायोग नव्हे. आलेख कागदावर काढून माजघर आणि बाहेर ह्यांमधून जाणाऱ्या उभ्या रेषेवर दुमडला, तर पुढची पडवी मागच्या पडवीवर आणि ओटी स्वयंपाकघरावर तंतोतंत बसते. म्हणजे कोणतेही माप शोधून काढले तरी ते ओटी आणि स्वयंपाकघर ह्यांच्यात फरक करू शकणार नाही. आलेखाच्या दृष्टीने त्या एकाच जागेच्या दोन प्रती आहेत. ज्या घरात ओटी वाटसरूलाही मोकळी असे आणि स्वयंपाकघरात घरच्या माणसालासुद्धा सोवळ्यावाचून जाता येत नसे, त्या घराच्या आकृतीला हा भेद मुळीच दिसत नाही! भाषाशास्त्रात एखाद्या विश्लेषणाने ‘दिन’ आणि ‘दीन’ हे एकच ठरविले तर आपण ते विश्लेषण परत पाठवितो.

ह्यावर पहिले उत्तर असे येईल की चूक पद्धतीची नसून वर्तुळे पाडणाऱ्याची आहे: अंगण आणि परस वेगळी धरा. मान्य आहे. पण ती वेगळी का धरावयाची? त्यांच्यामध्ये भिंत नाही. घराच्या कडेने मागे जाणारी वाट उघडी आहे. ती वेगळी आहेत असे आपणांस भाषेने सांगितले. कोकणात पुढच्या अंगणाला ‘पुढीलदार’ आणि मागच्या आवाराला ‘मागीलदार’ म्हणतात. ‘पुढीलदारी कोण आले पाहा’, ‘मागीलदारी कपडे वाळत घातले आहेत’ अशी वाक्ये सहज कानी पडतात. बाहेरच्या उघड्या जागेला दाराचेच नाव दिलेले आहे, आणि ते नाव दोन आहे. त्या बोलीत ‘बाहेर’ एक नाहीच. वाहक अवकाश एकसंध मानण्याचे गृहीत तेथेच कोलमडते, आणि ते कोलमडल्याची खबर भिंतींनी दिलेली नाही, शब्दांनी दिली आहे.

तर मग वाट, अंगण आणि परस अशी तीन वर्तुळे करून वाटेला मूळ धरू. अंगण १, पडवी आणि परस २, ओटी आणि मागची पडवी ३, माजघर आणि स्वयंपाकघर ४, देवघर आणि काळोखी खोली ५. बेरीज २९. ओटी आणि स्वयंपाकघर आता एका पायरीने वेगळी झाली. पण माजघर आणि स्वयंपाकघर एका ओळीत आली, आणि मागची पडवी तर ओटीच्या बरोबरीला जाऊन बसली. कारण अंगणातून परसात जाणारी कडेची वाट आकृतीत आहे, आणि आकृतीच्या लेखी ती सर्वांना सारखीच उघडी आहे. परक्या माणसाने त्या वाटेने जावयाचे नसते. ती रेषा पुसून परक्यासाठी पुन्हा मोजले तर स्वयंपाकघर ५, मागची पडवी ६ आणि परस ७, बेरीज ३८. घरातील सर्वांत खोल जागा म्हणजे छपराखालची काळोखी खोली नव्हे, तर उन्हात उघडे पडलेले परस! हे मला अगदी यथार्थ वाटते. मागीलदारच्या विहिरीवर अनोळखी पुरुष अचानक उभा राहिला तर जी खळबळ उडते, ती ओटीवर दहा जण येऊन बसल्याने उडत नाही. आकृती खरे बोलली. परंतु ती बोलण्यासाठी तिला आधी सांगावे लागले की ही रेषा ह्या माणसासाठी पूस.

येथे प्रश्नाचे मूळ लागते. आलेखातील रेषा भिंतीची परवानगी नोंदविते. घरातील परवानगी भिंत एकटी देत नाही. जुन्या रीतीत स्वयंपाकघराचे दार दिवसभर उघडे असे, पण त्यातून कोणी, कोणत्या वस्त्रात आणि कोणत्या वेळी जावे हे ठरलेले असे. सोवळ्यात असलेल्या माणसाला ती रेषा होती; तोच माणूस बाजारातून परतला की स्नान होईपर्यंत ती नव्हती. मासिक धर्माच्या दिवसांत स्त्री ‘बाहेर बसते’ असे म्हणत. ती बसे मागच्या पडवीत किंवा एखाद्या कोपऱ्यातल्या खोलीत, म्हणजे छपराच्या आत. व्याकरणाने ‘बाहेर’ हे स्थलवाचक अव्यय. येथे ते स्थळ सांगतच नाही, ते जोडणी तोडल्याचे सांगते. तीन दिवस तिच्यापुरता घराचा आलेख निराळा होई आणि एकही दार बंद केलेले नसे. आणि ज्यांना अंगणापलीकडे पाऊल टाकण्याची मुभाच नव्हती, ज्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई, त्यांच्या आकृतीत घर म्हणजे वाट आणि अंगण अशी दोनच वर्तुळे होती. तोच वाडा, तीच दारे.

ही गोष्ट घरापुरती नाही. महाडच्या चवदार तळ्याला भिंत नव्हती. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यात उतरून पाणी प्याले, तेव्हा त्या उतरण्यास सत्याग्रह म्हणावे लागले आणि त्याबद्दल लोकांनी मार खाल्ला. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १९२३, १९२७ आणि १९३७ ह्या तिन्ही वर्षी महाडच्या रस्त्यांचा आणि तळ्याच्या काठाचा आलेख काढला तर तो एकच येईल. ज्या पद्धतीने आपल्या ग्रंथाला ‘अवकाशाचे सामाजिक तर्कशास्त्र’ असे नाव दिले, तिला ह्या प्रसंगातील सामाजिक भाग दिसणार नाही, हा आक्षेप मला किरकोळ वाटत नाही.

हिलियर आणि हॅन्सन हे काही भोळे लेखक नव्हेत. माणसे जवळ राहिल्याने जशी बांधली जातात तशी दूर राहूनही एका वर्गाची, एका जातीची, एका नावाची म्हणून बांधली जातात हे त्यांनी ओळखले आहे, आणि अशा नात्याला अवकाशातीत म्हणून वेगळे स्थान दिले आहे. ‘रहिवासी’ आणि ‘अभ्यागत’ हा भेदही त्यांचाच. रुग्णालय, वेड्यांचे इस्पितळ, तुरुंग अशा इमारतींत अभ्यागत खोलवर आणि अधिकारी उथळ भागात असतात, म्हणून त्या उलट्या इमारती होत, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. आक्षेप एवढाच की हा भेद त्यांच्या विवेचनात आहे, रेषेत नाही. आकृती काढून झाल्यावर तिच्याभोवती गद्यातून समाज आणावा लागतो.

असे का झाले असावे? ह्याचे एक उत्तर रॉबिन एव्हान्स ह्याच्या १९७८ मधील ‘फिगर्स, डोअर्स अँड पॅसेजेस’ ह्या निबंधात सापडते, जरी त्याने ते ह्या प्रश्नासाठी लिहिलेले नाही. राफाएलच्या काळातील इटालियन प्रासादात एका दालनातून दुसऱ्या दालनात जावे लागे; एका दालनाला अनेक दारे असणे हे सोयीचे मानले जाई. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मधला लांब बोळ आला. रॉजर प्रॅटने बांधलेल्या कोलशिल येथील गढीत असा बोळ घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता आणि नोकरांचे जिने वेगळे होते. नोकर दिसू नये, मालकाला वाटेत भेटू नये, हा जो निर्बंध आधी वागणुकीत असावयाचा, तो तेथे विटांत बांधला गेला. ज्या समाजाने आपले निर्बंध तीनशे वर्षे भिंतींत आणि दारांत बांधले, त्या समाजात घडलेले साधन भिंती आणि दारे वाचून समाज वाचल्याचे सांगू शकते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. कोकणातल्या घराने तो निर्बंध विटांत बांधला नाही. तो वस्त्रात, वेळेत, तिथीत आणि मुख्यतः बोलण्यात ठेवला. तेथे हे साधन नेमके जे वाचावयाचे तेच वगळते.

बोलण्यात ठेवला असे म्हणताना मी अलंकार वापरीत नाही. आपण ‘ओटीवर बसा’ म्हणतो, ‘माजघरात या’ म्हणतो. ओट्यावर, ओसरीवर, माडीवर, गच्चीवर. पण स्वयंपाकघरात, देवघरात, कोठीत. ओटी जोत्याने उंच आहे म्हणून ‘वर’ हे खरे, पण माजघराची जमीन ओटीपेक्षा खाली असतेच असे नाही. ‘वर’ हा प्रत्यय पृष्ठ सांगतो, ‘त’ हा पोट सांगतो. ज्या जागेच्या पृष्ठावर माणूस टेकतो तेथून तो उठून जाईल असे गृहीत आहे. ज्या जागेच्या पोटात तो शिरतो तेथे तो घरचा झाला. अपवाद आहेत. पडवीत आपण ‘त’च लावतो, आणि ‘ओसरीत’ हेही काही ठिकाणी ऐकू येते. त्यामुळे हा नियम मी सिद्धांत म्हणून मांडीत नाही. परंतु वीसपंचवीस घरांच्या आकृत्या आणि त्या त्या घरातील जागांना लागणारी शब्दयोगी अव्यये शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर माप ज्यांना एक समजते त्या ओटी आणि स्वयंपाकघर ह्यांना अव्यय वेगळे करते, हे निदान ह्या एका उदाहरणात तरी स्पष्ट आहे. हे काम आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी करण्याजोगे आहे, आणि ते वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यास एकट्याने करता येणारे नाही.

घडणीविषयी थोडे. आपल्याकडील घर मोजण्याचे जुने परिमाण खोली हे नसून खण हे आहे. दोन तुळयांमधील अंतर तो खण. घर पाच खणी की सात खणी असे विचारीत. खण हा लाकडाच्या लांबीने आणि भाराने ठरतो, माणसांच्या नात्यांनी ठरत नाही. भिंती पुढे कोठे घालावयाच्या आणि दारे कोठे ठेवावयाची हे नंतर, आणि पुष्कळदा पुन्हा पुन्हा. भावाभावांत वाटणी झाली की तीन खण ह्याचे, चार त्याचे असा हिशेब होई. माजघराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राही, परसाकडे दुसरी चूल मांडली जाई. एका रात्रीत आलेख दोन तुकडे होई आणि खण जागच्या जागी राहत. घडण आणि जोडणी ह्या दोन निराळ्या व्यवस्था आहेत, त्यांचा काळ निराळा आणि त्यांचे कर्ते निराळे. सुताराने केलेले खण आणि कुटुंबाने केलेली दारे एकाच वर्तुळात कोंबल्यामुळे स्तरालेखाला वाटणीपूर्वीचे घर आणि वाटणीनंतरचे घर ही दोन परस्परसंबंध नसलेली घरे वाटतील. ज्याने ते कूड घातलेले पाहिले आहे त्याला तसे वाटणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी की ह्या पद्धतीने काम करणाऱ्यांनी घराची एक आकृती काढून थांबू नये. पाहुण्याची, सासुरवाशिणीची, गड्याची, घरच्या म्हाताऱ्याची, अशा आकृत्या वेगळ्या काढाव्यात. ज्या वाटेने एकाच दिशेस जाता येते तेथे बाण काढावा. प्रत्येक रेषेखाली ती रेषा कोणाला, केव्हा उघडी आहे हे सांगणारे त्या घरातल्या माणसाचे एखादे वाक्य, त्याच्याच बोलीत, लिहून घ्यावे. गणिताला बाण चालतात. दिशा असलेल्या आलेखांचे शास्त्र पूर्वीच तयार आहे. अडचण वाक्ये मिळविण्याची आहे. ती सांगणारी पिढी आता थकली आहे, आणि पुष्कळ घरांतली मागीलदारे बंद झाली आहेत.

शहरी सदनिकेत तर मागीलदार मुळातच नाही. एक दार, मग हॉल, हॉलमधून स्वयंपाकघर आणि निजण्याच्या खोल्या. कडे नाहीसे होऊन आकृतीचे झाड झाले. बोलण्यातही आपण ‘हॉलमध्ये बसा’ आणि ‘किचनमध्ये ठेव’ असे म्हणू लागलो. ‘वर’ आणि ‘त’ दोन्ही जाऊन उसन्या शब्दांबरोबर ‘मध्ये’ हे एकच अव्यय दोन्हीकडे लागले. ह्यावरून निर्बंध संपला असे अनुमान कोणी काढील. पण मुंबईच्या काही इमारतींत घरकामगारांसाठी वेगळी लिफ्ट ठेवलेली असते. दोन्ही लिफ्ट एकाच जिन्याच्या तोंडाशी उघडतात, दोन्हींची दारे एकाच मापाची असतात, आणि कोणी कोणत्या लिफ्टने जावे हे शेजारच्या भिंतीवर एका पाटीवर लिहिलेले असते. स्तरालेखात तेथे एक छोटेसे कडे दिसेल. पाटी वाचण्यासाठी अक्षरओळख लागेल.